आधी वही उघडा, मग मॉडेल बघा

तालुका विज्ञान प्रदर्शनाची तारीख लागली की कोल्हापुरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत थर्माकोलच्या शीट, बारक्या मोटारी आणि सिरिंजचे संच पुढच्या फळीवर येतात. शाळेत सूचना फिरते, घरी पालकांची धावपळ सुरू होते आणि आठ-दहा दिवसांनी टेबलांवर तेच ते मांडलेलं दिसतं: सिरिंजवर चालणारा जेसीबी, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलचं आदर्श गाव, अडथळा आला की वाजणारी अंधांची काठी, आणि एखादं तरी 'फुकट वीज' देणारं यंत्र. काही मॉडेल तर तयारच विकत मिळतात. मुलगा पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणतो, परीक्षक तीन मिनिटं ऐकतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात.

यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. "यंदा काय बनवणार?" असंच आपण त्यांना विचारतो, मग उत्तरादाखल वस्तूच येते. वस्तू बनवण्याआधी एक प्रश्न असावा लागतो, तो मोजता यावा लागतो आणि त्याचं उत्तर प्रयोगाआधी ठाऊक नसावं लागतं. असे प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात पावलोपावली आहेत. ते टेबलावर येत नाहीत याचं मोठं कारण म्हणजे गुण मॉडेलच्या दिसण्याला जातात, मोजमापाच्या वहीला जात नाहीत. ही वाटणी बदलल्याशिवाय प्रकल्पांच्या शंभर कल्पना छापून वाटल्या तरी टेबलं तशीच राहतील.

ऊसच घ्या. तोडलेला ऊस साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंत किती गोडी गमावतो? कारखान्याबाहेर ट्रॉल्यांच्या रांगा रोज बघणाऱ्या मुलाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. हातात मावणारा, ० ते ३२ ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर असला की रसाच्या दोन थेंबांवरून त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, म्हणजेच ब्रिक्स, कळतं. पक्व उसाचा आकडा साधारण १८ ते २२ येतो. एकाच फडातले, एकाच जातीचे ३० ऊस एकाच सकाळी तोडून घ्यायचे. को ८६०३२ ही जात आपल्याकडे सहज मिळते. प्रत्येक उसाला चिठ्ठी बांधून त्याचं वजन लगेच लिहायचं. तीन उसांचा ब्रिक्स त्याच दिवशी बघायचा. उरलेल्या २७ पैकी नऊ उन्हात, नऊ सावलीत, नऊ ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दिवशी प्रत्येक गटातले तीन-तीन ऊस पुन्हा वजन करून तपासायचे. रस दरवेळी मधल्याच कांडीचा घ्यायचा, कारण बुडख्याकडची कांडी गोड आणि वाढ्याकडची पाणचट असते. एका उसाचा बुडखा आणि दुसऱ्याचा शेंडा तपासला तर सगळी तुलनाच कोलमडते.

खरी गंमत पुढे आहे. उन्हात ठेवलेल्या उसाचा ब्रिक्स बहुतेक वेळा वाढलेला दिसतो, आणि मूल लिहून टाकतं की वाळवलेला ऊस जास्त गोड असतो. हा निष्कर्ष चुकीचा आहे, पण चूक फार मोलाची आहे. उसातलं पाणी उडतं म्हणून रस दाट होतो. शिवाय साखरेचं, म्हणजे सुक्रोजचं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन होत असतं, आणि रिफ्रॅक्टोमीटर या तिघांत फरक करत नाही. विरघळलेलं सगळं तो एकत्र मोजतो. म्हणून वजन हवं. समजा वजन ८ टक्क्यांनी घटलं आणि ब्रिक्स २० वरून २१ झाला, म्हणजे ५ टक्क्यांनी वाढला, तर उसातला एकूण गोड ऐवज वाढलेला नाही, घटलेला आहे. सुक्रोज मोडतंय का, हे बघायला शाळेतलं बेनेडिक्टचं द्रावण पुरतं. रस दहापट पाणी घालून पातळ करायचा, त्याचे आठ थेंब ५ मिलि द्रावणात टाकायचे आणि परीक्षानळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायची. सुक्रोजने निळा रंग बदलत नाही. ग्लुकोज-फ्रुक्टोज जितकं जास्त, तितका रंग हिरव्याकडून विटकरीकडे जातो. रस पातळ न करता टाकला तर ताज्या उसाची नळीही विटकरी होते आणि फरक कळतच नाही, कारण ताज्या रसातही थोडं ग्लुकोज असतंच. रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्यावर शून्याला लावून घ्यावा आणि प्रत्येक थेंबानंतर काच पुसावी. आधीच्या रसाचा चिकट थर राहिला की पुढची सगळी मापं वर सरकतात.

गुऱ्हाळावर जाणाऱ्या मुलांसाठी इथेच एक सावधगिरीची सूचना. शाळेच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा तापमापक ११० अंशांपर्यंतचा असतो. गूळ उतरवताना काहिलीतला पाक ११८ अंशांच्या आसपास असतो. तो तापमापक पाकात घातला तर फुटू शकतो, आणि त्यातला पारा लोकांच्या खाण्यात जाऊ शकतो. तिथे धातूच्या नळीचा डिजिटल तापमापकच हवा, आणि तोही गुळव्याच्या हातात. मुलाने दूर उभं राहून आकडे लिहावेत.

मॉडेल करूच नये असं म्हणणं नाही. मॉडेलने काही मोजलं पाहिजे, एवढंच. राजर्षी शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं. पावसाळ्यात ही बातमी जिल्ह्यातलं प्रत्येक घर कान देऊन ऐकतं. प्रदर्शनात मात्र धरण येतं ते निळ्या रंगाचं थर्माकोल होऊन. त्याऐवजी काचेच्या पेटीत १० सेमी रुंदीचा एक दरवाजा बसवा, बिजागरी तळाला. दरवाजाला १० सेमी लांबीचा आडवा दांडा जोडा आणि त्याच्या टोकाला वजनाची पारडी लटकवा. पाणी दरवाजा ढकलतं, वजन त्याला मिटून धरतं. पाणी ५ सेमी असताना दरवाजा मिटून ठेवायला हिशेबाने साधारण २१ ग्रॅम लागतात, ८ सेमीला ८५ आणि १० सेमीला १६७. खोली दुप्पट झाली की वजन आठपट! खाली दाबही वाढतो, दाब पडणारं क्षेत्रही वाढतं आणि बिजागरीपासूनचं अंतरही वाढतं; तिन्ही मिळून खोलीचा घन. नववी-दहावीच्या मुलाला हे हाताने अनुभवता येतं, आणि धरणाची भिंत तळाला जाड का असते या प्रश्नाकडे त्याचं लक्ष आपोआप वळतं.

हा प्रयोग पहिल्या दिवशी साधत नाही, हेही सांगायला हवं. कडेने पाणी गळतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी व्हॅसलिन लावून बसवली की गळती थांबते, पण घर्षण वाढतं. मग ५ सेमीचं माप २१ ऐवजी कधी १०, कधी ३५ ग्रॅम येतं, कारण घर्षणच तेवढं असतं. त्यावर उपाय असा: आधी पाण्याशिवाय दरवाजा आणि दांडा तोलून घ्यायचे, मग प्रत्येक खोलीला वजन कमी करत दरवाजा कधी उघडतो आणि वाढवत कधी मिटतो, अशी दोन मापं घेऊन सरासरी काढायची. दोन्हींतला फरक म्हणजे घर्षणाचा अंदाज. ज्या वहीत हा फरक लिहिलेला असेल त्या मुलाला प्रयोग कळला, असं खुशाल समजावं.

अंधांच्या काठीचंही असंच. एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर, आर्डुइनो हा प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा सर्किट बोर्ड आणि बझर जोडून नेटवरचा प्रोग्रॅम चढवला की काठी वाजू लागते. तो झाला जोडणीचा सराव, आणि सराव चांगलाच असतो. पण प्रश्न तिथून पुढे सुरू होतो: ही काठी काय 'बघत नाही'? ४० किलोहर्ट्झचा आवाज वस्तूवर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळावरून सेन्सर अंतर काढतो. गुळगुळीत पृष्ठभाग तिरका असला की आवाज भलतीकडे परावर्तित होतो. कापूस, गोधडी, साडी आवाज शोषून घेतात. म्हणून एक मीटरवर भिंत, काच, लोखंडी खांब, लटकती साडी आणि माणूस ठेवून, ०, १५, ३० आणि ४५ अंशांत प्रत्येकी दहा मापं घ्या, आणि दहापैकी किती वेळा काठी गप्प राहिली ते लिहा. जी काठी साडी नेसलेल्या बाईला ओळखत नाही ती बाजारात कुणाच्या हाती देता येणार नाही, हे त्या तक्त्यावरून दिसेल. तापमानही बघा. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ३५ अंशांना ३५२. प्रोग्रॅममध्ये ३४० हा ठरावीक आकडा असतो, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी दोन मीटरचं अंतर सहा-सात सेंटिमीटरने चुकतं. तेच मॉडेल, तोच खर्च, पण आता त्यात शोध आहे.

'फुकट वीज' यंत्रांना मात्र प्रदर्शनात जागाच नसावी. मोटारीने जनरेटर फिरवायचा आणि जनरेटरच्या विजेवर मोटार चालवायची, ही त्यामागची कल्पना. मोटार ८० टक्के आणि जनरेटर ८० टक्के कार्यक्षम धरला तरी एका फेरीत १०० चे ६४ उरतात, पुढच्या फेरीत ४१. चालणारं यंत्र दिसलं तर कुठेतरी बॅटरी लपलेली आहे. अशा यंत्राला बक्षीस मिळालं की ऊर्जेच्या अक्षय्यतेचा धडा शाळेने शिकवलेला असूनही त्या वर्षी पुसला जातो. फार तर त्याच मुलाला मोटार आणि जनरेटरची कार्यक्षमता मोजायला सांगावं. दोन मल्टीमीटर पुरतात.

आता वेळेचं बोलू. प्रदर्शन बहुतेक हिवाळ्यात असतं आणि तयारी सूचनेनंतर सुरू होते. कोल्हापूरचं सगळ्यात मोठं विज्ञान मात्र जून ते सप्टेंबरमध्ये आकाशातून पडत असतं. ११.३ सेमी व्यासाच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ १०० चौरस सेमी भरतं, म्हणजे बाटलीत जमलेले दर १० मिलि म्हणजे १ मिमी पाऊस. नरसाळं, बाटली आणि औषधाचं मापपात्र, एवढ्यात पर्जन्यमापक तयार. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यावी, कारण हवामान खात्याचा दिवसही तिथूनच मोजला जातो आणि तुलना करता येते. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक हवा. गगनबावड्यात लिटरची बाटली ठेवू नका. एका दिवसात २०० मिमी पडला की दोन लिटर पाणी जमतं आणि नेमकी मोठ्या पावसाचीच नोंद वाहून जाते. पावसाळ्यात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज जाहीर होते. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या लहान पोरांनाही पाठ आहेत. पाणलोटातल्या शाळेचा पाऊस आणि बंधाऱ्यावरच्या पातळीतला रोजचा फरक एका आलेखावर काढा. नुसती पातळी काढू नका, ती आदल्या दिवसाचं ओझं घेऊन येते. आजचा पाऊस किती तासांनी बंधाऱ्यावर दिसतो? राधानगरीचे दरवाजे उघडले त्या दिवशी अंदाज का चुकतो? २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्या गावांतल्या मुलांनी हे प्रश्न विचारले नाहीत तर कुणी विचारायचे?

फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या, टाकाऊ वाळूचा प्रकल्प अधूनमधून दिसतो आणि जवळपास दरवेळी एकाच जागी फसतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांतून ही काळी वाळू निघते. सिमेंट १ भाग, वाळू ३ भाग घेऊन त्यातली ०, १०, २०, ३० टक्के वाळू वजनाने बदलायची, ७.०६ सेमीचे ठोकळे प्रत्येकी तीन ओतायचे, पाण्यात भिजवून २८ दिवसांनी फोडायचे. काळ्या वाळूतलं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) आणि कोळशाची भुकटी पाणी धरून ठेवते, त्यामुळे मिश्रण घट्ट होतं आणि मुलं सवयीने वर पाणी ओततात. ठोकळा कमकुवत निघतो तो बऱ्याचदा त्या जास्तीच्या पाण्याने, आणि दोष जातो वाळूला. पाणी सगळ्यांत मोजून सारखंच हवं. ठोकळे फोडायचं यंत्र पॉलिटेक्निकमध्ये असतं. २८ दिवसांचा हिशेब धरून महिनाभर आधी विनंती करावी लागते.

मावळत्या सूर्याची किरणं मंदिरात थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात, त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाकडेही भूगोल-गणिताच्या नजरेने बघता येतं. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, या दोन्ही काळांत सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, म्हणून मावळतीची दिशाही तीच, पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे. मीटरभर काठी ओळंब्याने सरळ उभी करून मावळतीआधीच्या सावलीची दिशा आठवडाभर नोंदवली तरी सूर्य सरकताना दिसतो. होकायंत्र लोखंडी रेलिंगजवळ किंवा चुंबकाच्या मोबाइल कव्हरजवळ ठेवू नका. तेवढ्यानेच काही अंशांची चूक होते आणि इथे तर सगळा खेळ अंशांचाच आहे.

नदीचं पाणी तपासताना मुलांनी पात्रात उतरायचं नाही. घाटावरून दोरीच्या बादलीने नमुना घ्यावा. हायड्रोजन सल्फाइडच्या पट्टीची बाटली २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. सोबत उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली हवीच, नाहीतर काळेपणा बाटलीचा की पाण्याचा हे ठरत नाही. काम झालं की बाटल्यांत ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून मगच रिकाम्या कराव्यात.

साधनांचं रडगाणं आपण फार गातो. रिफ्रॅक्टोमीटर साखर कारखान्याच्या शेती विभागात असतो आणि कोल्हापुरातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात या विषयाचे जाणकारच बसतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा गुजरीतल्या सराफांकडे आणि हुपरीच्या चांदी कारागिरांकडे रोज वापरात असतो. धरणाच्या दरवाजाची बिजागरी शिवाजी उद्यमनगरात लेथवर अर्ध्या तासात निघते. वाचायला १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, १९६२ पासूनचं शिवाजी विद्यापीठ आहे. टाकाऊतून प्रयोग करण्यासाठी अरविंद गुप्ता यांनी मराठीसह अनेक भाषांत साहित्य मोफत खुलं केलं आहे. यंत्राला, म्हणजे एआयला, कल्पना विचारण्याचा मोह मुलांना होतोच. विचारावं, पण "माझ्या या पद्धतीत काय चुकेल?" असं विचारावं, कल्पना त्याच्याकडून घेतली की पुन्हा तीच सरासरी टेबलं.

विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांनी महिन्यातून एक शनिवार शाळकरी मुलांसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवावी, ही मागणी मात्र जोरात करायला हवी. मुलांना उपकरण घरी न्यायचं नसतं, दोन तास हाताळायचं असतं. केंद्र सरकारच्या योजनेतून शाळेत उभारल्या जाणाऱ्या अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळेसाठी एका शाळेला २० लाखांपर्यंतचं अनुदान मिळतं. ज्या शाळेत अशी लॅब आहे तिने शेजारच्या चार शाळांना आठवड्यातून एक दुपार द्यावी. शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला १० हजार रुपये मिळतात. ते तयार मॉडेलवर उडवण्याऐवजी काटा, मल्टीमीटर आणि रसायनांवर खर्च झाले तर पुढच्या तुकडीलाही उपयोगी पडतात. १९९३ पासून चालणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद तर परिसरातल्या प्रश्नावर अभ्यास करा असंच सांगते. दिशा ठरवणाऱ्यांना ती माहीत आहे. आपल्या तालुक्याच्या टेबलांपर्यंत ती पोहोचलेली नाही.

शिक्षक म्हणतील, आधीच कामांचा डोंगर आहे. खरं आहे, आणि म्हणूनच शिक्षकाकडून मॉडेल करवून घेणं थांबलं पाहिजे. आठवड्यातून दहा मिनिटं वही बघून तारखेसह सही, एवढंच त्यांच्याकडून हवं. वही शिवलेली असावी, पेनने लिहिलेली, चुकलेला आकडा एका रेघेने खोडलेला आणि तरी वाचता येणारा. पांढरी शाई लावलेलं पान दिसलं की तिथेच प्रश्न विचारावा.

परीक्षकांची अडचणही खोटी नाही. एका दिवसात शंभर टेबलं बघायची तर वह्या वाचणार कधी? उपाय साधा आहे. वह्या दोन दिवस आधी मागवाव्यात आणि घरी वाचाव्यात. शंभरपैकी पन्नास गुण वहीचे, पंचवीस तोंडी प्रश्नांचे, पंधरा पद्धतीतल्या सुधारणेचे आणि दहा मांडणीचे. जून-जुलैची नोंद असलेल्या वहीला आधी बघावं. निकाल अपेक्षेविरुद्ध आला म्हणून गुण कापू नयेत; वाळवलेला ऊस गोड निघाला आणि मुलाने तो का निघाला हे शोधलं, तर पूर्ण गुण द्यावेत. देखण्या मॉडेलसाठी वेगळं बक्षीस खुशाल ठेवावं, कारागिरीलाही मान हवाच. आणि टेबलापाशी गेल्यावर पहिला प्रश्न "हे कसं चालतं?" असा न विचारता "यातलं कोणतं माप तुला दोनदा घ्यावं लागलं, आणि का?" असा विचारावा.